सवाना (जॉर्जिया): कुत्री सोबत, सासू-सासरे सोबत, दोन रात्री. जमेल का?

शेपूटवाली

नमस्कार मंडळी. आम्ही अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेटाला राहतो. सासू-सासरे जतहून चार महिन्यांसाठी आलेत आणि आत्तापर्यंत त्यांनी पाहिलेली अमेरिका म्हणजे कॉस्टको, देऊळ आणि आमचं मागचं अंगण. सासूबाईंना समुद्र बघायचाय. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याला शुक्रवारी सुट्टी आहे, म्हणून सवानाचं ठरवतोय. शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री परत.

अडचण बुंदीची. बुंदी आमची कुत्री. शेल्टरमधून आणलेली हाउंड (शिकारी कुत्र्यांची जात) मिक्स, वजन ५८ पौंड, अंगावर बुंदीसारखेच ठिपके. मागच्या वेळी कुत्र्यांच्या बोर्डिंगला ठेवलं तर दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. त्यामुळे ती येणारच. आमचे मामंजी कुत्र्यांच्या विरोधात नाहीत, रानात त्यांची कायम दोन-तीन कुत्री असतात. पण कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर, हे त्यांचं ठाम मत. बेत ऐकून म्हणाले, "कुत्रं हॉटेलात निजणार? आन् भाडं कोण भरणार त्याचं?" (त्याचं भाडं खरंच असतं, हे अजून सांगितलेलं नाही.)

कच्चा बेत असा: शुक्रवारी गाव, शनिवारी दिवसभर टायबी आयलंडचा बीच, रविवारी थोडं फिरून परत. कुत्र्यासह गेलेल्यांनी अनुभव सांगा. हॉटेल, खाणं, चालणं, सगळंच.

मेकनचा_मावळा

ताई, शनिवार आत्ताच खोडा. टायबीच्या बीचवर कुत्र्यांना बंदी आहे. लीश (गळपट्ट्याची दोरी) लावा, पहाटे जा, डिसेंबरात जा, काही फरक पडत नाही, आणि दंडही सणसणीत असतो. दर वर्षी कोणी ना कोणी अटलांटाकर १८ मैल गाडी हाकत तिथे जातो आणि पाटी वाचून परत फिरतो. एका वर्षी तो मी होतो.

समुद्र आणि कुत्रं दोन्ही एकदम हवं असेल तर दोन वाटा. दक्षिणेला जेकिल आयलंड, दीडेक तास, बेटावर शिरताना गाडीचे पैसे भरावे लागतात. नाहीतर टॅल्मॅज पूल ओलांडून साउथ कॅरोलायनात हिल्टन हेड, तासाभरावर. हिल्टन हेडला उन्हाळ्यात, म्हणजे मेमोरियल डेच्या वीकेंडपासून (मे अखेर) लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार), सकाळी १० ते संध्याकाळी ५ कुत्री चालत नाहीत. तुम्ही ऑक्टोबरात जाताय, तेव्हा ती भानगड नाही.

रस्ता सोपा आहे. आय-७५ हायवेने मेकन, मग आय-१६ धरला की थेट सवाना. अटलांटापासून अडीचशे मैल, चार तास, कुत्र्यासह पाच धरा. आय-१६ म्हणजे पाइनची झाडं, पाइनची झाडं आणि मग थोडी पाइनची झाडं. एक्झिट लांब-लांब आहेत, "पुढे थांबू" म्हणत बसू नका. बुंदीला आणि मामंजींना एकाच वेळी पाय मोकळे करू द्या.

निंबोणी

आम्ही तीन वर्षं सवानात होतो, मुलगी तिथे कॉलेजला होती. आमचा लॅब्रॉडॉर त्या गावात माणसांपेक्षा जास्त ओळखीचा होता. कुत्र्यासाठी इतकं सोयीचं जुनं गाव मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्याचं कारण गावाच्या नकाशात आहे. १७३३मध्ये ऑगलथॉर्पने (जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक) गाव वसवलं तेव्हा दर दोन-चार गल्ल्यांनंतर एक मोकळा चौक ठेवला. गाव वाढलं तसे पुढे एकूण २४ झाले, त्यातले २२ उरलेत. चौक म्हणजे आपल्यासारखा रस्त्यांचा छेद नाही हं, मधोमध बाग, बाकं, पुतळा किंवा कारंजं, आणि वर ओकच्या फांद्यांचं छप्पर. गाड्या चौकाला वळसा घालून हळू जातात. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना दर पाच मिनिटांनी टेकायला बाक आणि कुत्र्याला हुंगायला नवं झाड.

माझी ठरलेली वाट सांगते. सिटी हॉलच्या सोनेरी घुमटाकडे पाठ करायची आणि बुल स्ट्रीटने सरळ दक्षिणेला निघायचं. जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन, माँटेरे असे पाच चौक ओळीने लागतात आणि शेवटी फॉरसाइथ पार्क. मैलभर अंतर, पण आमच्या लॅबला दीड तास लागायचा. चिपेवा चौकात ऑगलथॉर्पचा पुतळा आहे, तो दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे, कारण तेव्हा शत्रू म्हणजे फ्लोरिडातले स्पॅनिश. फॉरसाइथ ३० एकरांचं आहे, पांढरं कारंजं १८५८चं. संध्याकाळी तिथल्या हिरवळीवर निम्म्या गावाची कुत्री असतात. लीश मात्र हवीच.

एक काळजी घ्या. फुटपाथ विटांचे आहेत आणि ओकच्या मुळांनी उचलून वाकडे केलेत. सासूबाईंना बूट घाला, चपला नकोत. आणि रिव्हर स्ट्रीटला उतरायच्या जुन्या दगडी पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खाली गाडीनेच जा. तिथला रस्ता जहाजांच्या तळाशी भरून आणलेल्या वजनाच्या दगडांचा आहे, दिसायला सुंदर, चालायला शिक्षा.

अप्पा_डॅलसवाले

तुमच्या पैशांचं तुम्ही काहीही करा, पण आईवडील एवढ्या लांबून आलेत आणि अख्खी सहल कुत्र्याभोवती बेतायची, हे मनाला पटलं नाही. बोर्डिंगला दोन दिवस उपाशी राहिलं म्हणून कुत्रं मरत नाही.

निंबोणी

अप्पा, वाट वाचलीत ना? दर पाच मिनिटांनी बाक आहे. ती माझ्या लॅबसाठी नव्हती, माझ्या आईसाठी होती. दोघांचा वेग एकच होता.

डॉक्टरीण_गोचीडवाली

मी व्हेट (जनावरांची डॉक्टर) आहे, जॅक्सनव्हिलला. नाव वाचून हसू नका, दिवसभर तेच काढत असते.

१. हार्टवर्मची महिन्याची गोळी चुकवू नका. तो जंत डासांतून पसरतो आणि हा किनारा म्हणजे डासांचं माहेर. ऑक्टोबरात डास संपलेले नसतात. गोचीड-पिसवांचं औषधही जाण्याआधी.

२. सागो पाम. हॉटेलांच्या दारात, पार्किंगच्या कडेला शोभेला लावलेलं बुटकं, ताठ पानांचं झाड. दिसायला छोट्या माडासारखं. सगळंच विषारी, बिया सगळ्यात जास्त, यकृत निकामी होतं. माझ्याकडे दर वर्षी अशी कुत्री येतात आणि सगळी परत जात नाहीत. कण्हेर आणि अझेलियासुद्धा नको.

३. हिल्टन हेडच्या तळ्यांत मगरी आहेत. खरोखरच्या. अॅलिगेटर. गोड्या पाण्याचं कुठलंही डबकं दिसलं की काठापासून लांब चाला, लीश आखूड धरा. मगरीच्या हिशेबात ५८ पौंडांची कुत्री म्हणजे जेवण.

४. झाडांवरून ज्या राखाडी जटा लोंबतात तो स्पॅनिश मॉस. (अवांतर: तो मॉसही नाही आणि स्पॅनिशही नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे.) झाडावरचा राहू द्या, जमिनीवर पडलेल्या ढिगात बुंदीला लोळू देऊ नका. त्यात चिगर नावाचे बारीक किडे असू शकतात. फोटोसाठी आजोबांच्या डोक्यावर ठेवायचा मोहही टाळा.

५. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, वाडगा आणि गोडं पाणी सोबत. खारं पाणी पोटभर प्यायलेलं कुत्रं गाडीत काय करतं ते लिहीत नाही.

आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र फोनमध्ये ठेवा, हॉटेल मागू शकतं.

कट्ट्यावरचा_कोंबडा

एवढा व्याप कशाला? ऑनलाइन पंचवीस डॉलरला 'सर्व्हिस डॉग'चं जाकीट मिळतं. घाला अंगावर. हॉटेलात फी नाही, रेस्टॉरंटात प्रवेश, कोणी हूं की चूं करत नाही. माझा मेव्हणा करतो.

डॉक्टरीण_गोचीडवाली

मेव्हण्याला सांगा, कृपया करू नये. कायद्याने सर्व्हिस डॉग म्हणजे अपंगत्व असलेल्या माणसासाठी ठरावीक काम शिकवलेलं कुत्रं. काउंटरवरच्या माणसाला दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हे कुत्रं लागतं का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. कागद मागता येत नाहीत, म्हणून तुमचा मेव्हणा सुटतो. पण जाकीट घातलेलं न शिकवलेलं कुत्रं एखाद्या अंध माणसाच्या कुत्र्यावर धावून गेलं की त्या कुत्र्याची दोन वर्षांची तालीम वाया जाऊ शकते. मी असं एक कुत्रं पाहिलंय. नंतर ते दुसरं कुत्रं दिसलं की जागेवर बसायचं, हलायचंच नाही.

कट्ट्यावरचा_कोंबडा

बरं. हे माहीत नव्हतं. जाकीट मागे घेतो.

फिरस्ती_पद्मा

हॉटेलबद्दल. साइटवर 'पेट फ्रेंडली' लिहिलंय यावर विसंबू नका, हॉटेलला फोन करा. साखळीच्या नंबरवर नाही, त्या इमारतीतल्या डेस्कला. चार प्रश्न विचारा. फी रात्रीमागे आहे की पूर्ण मुक्कामाची? वजनाची मर्यादा किती? कुत्र्यांसाठी ठेवलेल्या खोल्या कुठल्या मजल्यावर? आणि तिला खोलीत एकटी सोडून आम्ही जेवायला गेलो तर चालेल का, क्रेटमध्ये (पिंजऱ्यात) तरी? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक 'नाही' येतं आणि त्यावर तुमचा सगळा बेत फिरतो, कारण मग प्रत्येक जेवण बाहेरच्या टेबलावर किंवा पाळीपाळीने.

उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून घ्या. आम्हाला एकदा एका ठिकाणी (सवाना नव्हे) रात्री दहा वाजता सांगितलं, मर्यादा ४० पौंड. आमचा ७० चा. तीन तास गाडीत काढले.

मार्चच्या मध्याला मात्र तिकडे फिरकू नका. सेंट पॅट्रिक्स डेची सवानाची मिरवणूक देशातल्या मोठ्या मिरवणुकांपैकी आहे. हॉटेलं मिळत नाहीत आणि कुत्र्याच्या उंचीवर फक्त गुडघे आणि सांडलेली बिअर.

खवय्या_जॉर्जियाकर

शाकाहारी आहेत का? साउथमध्ये पालेभाजीतसुद्धा डुकराचं मांस असतं हे लक्षात ठेवा. कोलार्ड ग्रीन्स बघून "अगं, माठाची भाजी!" म्हणत मागवायची नाही, आधी विचारायचं.

पण ग्रिट्स मागवा. कोळंबी नको असेल तर नुसते, लोण्यासह. मक्याच्या कण्याच त्या. तुमचे मामंजी जतचे ना, कण्या खाऊन वाढलेले असणार. आणि रस्त्यात कुठेही 'बॉइल्ड पीनट्स' अशी पाटी दिसली की गाडी थांबवा. उकडलेल्या शेंगा! मिठाच्या पाण्यात, टरफलासकट, गरम. बुंदीला देऊ नका, फार खारट असतात.

लिओपोल्ड्सचं आइस्क्रीम, १९१९पासूनचं, आता ब्रॉटन स्ट्रीटवर. रांग मोठी असते. एकाने रांगेत राहायचं, एकाने कुत्र्यासह चौकात बसायचं. रिव्हर स्ट्रीटला प्रलीनच्या दुकानांत गरम तुकडा हातावर ठेवतात, पीकन (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि साखर. कुत्र्याच्या नाकासमोर तो हात खाली न्यायचा नाही.

मेकनचा_मावळा

एक राहिलं. हिल्टन हेडला जायचं नसेल तर टायबीच्या रस्त्यावरच फोर्ट पुलास्की लागतो. तिथल्या पायवाटांवर लीश लावून कुत्री चालतात, इमारतींत नाहीत. निम्म्यांनी तिथे उतरायचं, निम्म्यांनी पुढे दहा मिनिटांवर समुद्र बघून यायचं, मग अदलाबदल. किल्ल्याची भिंत साडेसात फूट जाड विटांची, अभेद्य म्हणायचे. १८६२च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, नव्या आटेदार नळीच्या तोफांनी तीस तासांत फोडली. गोळ्यांची भोकं अजून दिसतात. किल्ला म्हटल्यावर मामंजी गाडीतून उतरतील, पैज लावतो.

शेपूटवाली

सगळ्यांचे आभार, डोळे उघडले. परत आल्यावर वृत्तांत नक्की लिहीन. टायबी रद्द. शुक्रवारी निंबोणीताईंची बुल स्ट्रीट, शनिवारी हिल्टन हेड, रविवारी सकाळी रिव्हर स्ट्रीट आणि परत. हॉटेलला फोन केला, पद्माताईंचे चारही प्रश्न विचारले. फी पूर्ण मुक्कामाची आहे, वजनाची अट नाही, एकटी सोडायची नाही. मामंजींना भाड्याचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. फक्त बुंदीकडे बराच वेळ बघत होते.

शेपूटवाली

आलो परत. वृत्तांत लिहायचा शब्द दिला होता, म्हणून लिहिते.

जाताना मेकनच्या पुढे बुंदीने ओकारी केली, सासूबाईंच्या पिशवीशेजारी. पिशवी वाचली. हॉटेलात पोचलो तर डेस्कवर दुसरीच मुलगी, तिच्या मते मर्यादा ५० पौंड. मी फोनवर बोललेल्या माणसाचं नाव सांगितलं, तिने आत जाऊन विचारलं, खोली मिळाली. पद्माताई, तुम्हाला माझ्याकडून एक शेंगांची पिशवी.

बुल स्ट्रीट अगदी सांगितल्यासारखी. आम्हाला मात्र दोन तास लागले, कारण प्रत्येक चौकात कोणी तरी थांबून बुंदीला नाव विचारायचं आणि मग सासूबाईंना "हाय, हनी" म्हणायचं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. तिसऱ्या चौकापासून त्याच आधी "हाय" म्हणायला लागल्या. मामंजींनी ओकच्या एका खोडाला कव घालून बघितली, दोन्ही हात पुरले नाहीत. ३० एकरांचं फॉरसाइथ बघून पहिला प्रश्न, "पाणी कुठनं देत्यात?" कारंज्याकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "ते दिखाव्याचं हाय."

ग्रिट्स: "कण्याच की. मीठ कमी हाय."

आता शनिवार. हिल्टन हेडला समुद्र दिसल्यावर सासूबाई चपला हातात घेऊन पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या, अर्धा तास, काही न बोलता. बुंदी लाटांवर भुंकली, म्हणजे हाउंड जसं रडतं तसं रडली, आणि आसपासची चार कुत्री तिच्या सुरात मिळाली. सगळं छान चाललेलं. परत येताना मी शहाणपणा केला. लाकडी वाटेऐवजी कडेच्या वाळलेल्या गवतातून शॉर्टकट घेतला. दहा पावलांत बुंदी तीन पायांवर. मग दोन पायांवर. मग खालीच बसली आणि पंजे चावायला लागली.

सँडस्पर म्हणतात त्याला. वाटाण्याएवढं बोंड, चहूबाजूंनी काटे, काट्यांना पुन्हा बारीक आकडे. डॉक्टरीणबाई, तुमच्या यादीत हे नव्हतं! मी ओढायला गेले तर माझ्याच बोटात रुतलं. नवरा फोनवर काय करावं ते शोधत बसला.

मामंजी तोपर्यंत मागे उभे होते. पुढे आले, धोतर सावरून (हो, धोतर, हिल्टन हेडच्या बीचवर) वाळूतच मांडी घातली. "सराट्याचाच भाऊ हाय ह्यो." सासूबाईंकडून सेफ्टीपिन मागितली. बुंदीचं डोकं मांडीखाली दाबलं, पंजा उताणा केला, दोन गाद्यांच्या मधली जागा अंगठ्याने फाकवली आणि पिनेच्या टोकाने एकेक बोंड तळाशी धरून उलट्या अंगाला वळवून काढलं. ओढायचं नाही, वळवायचं. काढलेलं प्रत्येक बोंड माझ्या तळहातावर ठेवत होते, मोजायला. चार पायांत मिळून सतरा. बुंदी पहिल्या तीन बोंडांना कुंई-कुंई करत होती, नंतर गप्प. शेवटी पंजा सोडला तरी तिने तो त्यांच्या गुडघ्यावरच ठेवला. त्यांनी तो उचलून खाली ठेवला. तिने परत वर ठेवला.

मगर दिसली एक, तळ्याच्या काठाला, गाडीतून. गाडीतूनच बरी.

रविवारी रिव्हर स्ट्रीटच्या पूर्व टोकाला एक पुतळा पाहिला, ओढणीसारखं वस्त्र हलवणारी बाई आणि शेजारी तिचं कुत्रं. फ्लॉरेन्स मार्टस तिचं नाव. भाऊ दीपगृहाचा राखणदार, दोघं नदीतल्या बेटावर राहायची. १८८७पासून १९३१पर्यंत ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला दिवसा रुमाल, रात्री कंदील हलवायची. नवऱ्याने हे सगळं मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चव्वेचाळीस वर्सं. आन् कुत्री किती झाली आसतील तेवढ्यात?" पाटीवर त्याचं उत्तर नव्हतं.

डॉक्टरीण_गोचीडवाली

सँडस्पर राहून गेलं, चूक कबूल. यादीत सहावा क्रमांक घातला. आजोबांची पद्धत बरोबर आहे, ओढलं तर आकडा आत तुटतो. आठवडाभर पंजे रोज बघा, एखादी गादी सुजली किंवा ती सारखी चाटत असेल तर व्हेटकडे न्या. आणि आजोबांना नोकरी हवी असल्यास कळवा.

अप्पा_डॅलसवाले

वाचलं. बरं लिहिलंय. आमच्याकडे मुलगा जानेवारीत कुत्रं आणतोय म्हणे. ते क्रेट कितीला मिळतं?

मेकनचा_मावळा

अप्पा, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. ताई, किल्ला राहिला म्हणजे मी पैज हरलो की जिंकलो? आणि शेंगा कुठे मिळाल्या?

शेपूटवाली

पैज पुढच्या वेळी. शेंगा येताना आय-१६ सोडून थोडं आत, एका पिकअपच्या मागे, हाताने लिहिलेली पाटी. रोखच घेतात. मामंजींनी दोन पिशव्या घेतल्या, एक गाडीत संपली. टरफलं बुंदीच्या अंथरुणात सापडली. तिला कोणी दिल्या ते मागच्या सीटवरचं कोणीच सांगत नाहीये.